खुर्ची न सोडता फिट कसं राहायचं

तर मंडळी, तुम्हीही माझ्यासारखे सकाळी साडेनऊला खुर्चीत बसून रात्री आठला तिच्यातून सुटत असाल तर अजिबात घाबरू नका. आमच्या हिंजवडीतल्या ऑफिसात सध्या स्टेप चॅलेंज चालूये, 21 दिवस, रोज 10,000 पावलं, आणि गेल्या मंगळवारपासून मी या विषयातली एक्स्पर्ट झालेय. सल्ले फुकट आहेत, घ्या.

पाणी भरपूर प्या, म्हणजे उठावंच लागतं. परत येईपर्यंत ऑफिसच्या चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झालेला असेल आणि खाली 'देअर?' असा मेसेज असेल, पण किडन्या खूश.

स्टँडिंग डेस्क मागा. मिळतो ना! फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे आधी कंबर घालवायची, मग टेबल येतं.

जेवल्यावर शतपावली करा. फूटपाथवर बाइक लावलेल्या असतात, त्यांच्यामधून वाट काढताना योगासनंही होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिना वापरा. हे मी नाही, लिफ्टशेजारचं पोस्टर म्हणतं. त्याला आधारही आहे बरं का, जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने 1953 साली लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला होता, त्यात दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी निघाला. त्या कंडक्टरांचं एक बरं होतं, त्यांच्या जिन्याला दार नव्हतं. मी मंगळवारी पोस्टर वाचून शहाण्यासारखी जिन्यात शिरले, खाली मावशी फरशी पुसत होत्या म्हणून दाराला बादली लावलेली होती, आणि सात मजले धापा टाकत चढून वर गेले तर दार उघडेना. कार्ड लावायला जागाच नाही, कारण ते दार फक्त आतून जिन्याकडे उघडतं! ठोकलं, आत सगळे हेडफोन घालून बसलेले. फोनला रेंज नाही. मग सहाव्याचं हँडल हलवून बघ, पाचव्याचं बघ, असं करत सगळे मजले उतरून खाली आले तर मावशी बादली घेऊन गेलेल्या. शेवटी इमर्जन्सीचा दांडा दाबला तर असा भोंगा वाजला की रिसेप्शनवरचे पाहुणे उठून उभे राहिले. सिक्युरिटीने रजिस्टर पुढे केलं, "मॅडम, कारण लिहा." मी लिहिलं, व्यायाम. संध्याकाळी दोन मेल, एचआरचा 'आज किती पावलं चाललात?' आणि दुसरा फॅसिलिटीवाल्यांचा, जिन्याचा गैरवापर केल्याबद्दल समज. एकाच बिल्डिंगमधून!

बाकी चॅलेंज जिंकायचंच असेल तर पावलं मोजणारा मनगटावरचा बँड पाळण्याच्या दोरीला बांधा. आमच्या टीममध्ये पहिला नंबर असाच आलाय, बाळ दोन महिन्यांचं आहे.

आणि हे 10,000 आलं कुठून माहितीये? 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. एका यंत्राच्या नावातला आकडा, आणि तो आमच्या टीमच्या डॅशबोर्डवर लाल-हिरवा करून दाखवतायत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल सांगते, भरभर चालण्याइतपत. दिवसाला साधारण 22 मिनिटं झाली. भूमकर चौकात एका सिग्नलला जातात तेवढी!

ती 22 मिनिटं तरी द्या ना आम्हाला. साडेबारा ते अडीच सलग मीटिंगा टाकता, डबा म्यूटवर खातो आम्ही, सात वाजता 'एक क्विक कॉल' म्हणून पाऊण तास बसवता, आणि वर आम्हीच आळशी म्हणून पोस्टर लावता? पाठ आमची गेलीये, फिजिओचं बिल आम्ही भरतोय, आणि तुम्ही बक्षीस काय देणार तर लोगोवाली बाटली. नकोय ती. जिन्याच्या दाराला कार्ड रीडर बसवा, जेवणाचा एक तास कॅलेंडरवर मोकळा ठेवा, बाकी चालायचं कसं ते आम्हाला वर्षाचे असल्यापासून येतं. आणि ते रजिस्टरमधलं माझं नाव आधी खोडा.