खुडूक कोंबडी म्हणजे तोटा?

‘कोंबडी खुडूक बसली की दोन महिने बुडाले. थंड पाण्यात बुडवा, नाकात पीस घाला, तीन दिवसांत अंड्यावर येते. पिल्लं हवीत तर मशीन घ्या. कोंबडीखाली निम्मी अंडी सडतात आणि निघालेली पिल्लं आईच मारते.’ हा मजकूर सध्या आमच्या पंचक्रोशीत फोनाफोनी फिरतोय. लिहिणाऱ्यानं रवण (कोंबडीखाली उबवायला ठेवलेली अंडी) कधी बसवलं असेल असं वाटत नाही.

दोन महिने बुडाले, हा हिशोब अर्धा खरा आहे. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. मग 21 दिवस बसणं, पुढे पिल्लं मोठी होईपर्यंत अंडी बंद. ज्याला अंडीच विकायची आहेत त्यानं तिला जरूर उठवावी. पण बुडवाबुडवी कशाला? तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात उजेडात ठेवा, दाणापाणी द्या, खाली गवत घालू नका. पोटाला वारा लागला, ऊब मोडली की बहुतेक कोंबड्या चार-पाच दिवसांत उठतात. नाकात पीस घालणं हा निव्वळ छळ. अंधार, ऊब आणि पोटाखालची अंडी यांनी खुडूकपणा टिकतो, नाकाचा त्यात काही संबंध नाही.

आता अंडी सडण्याचं. सडतात, पण बहुतेक वेळा ती कोंबडीखाली जाण्याआधीच बिघडलेली असतात. चुलीजवळच्या टोपलीत पंधरा-वीस दिवस साठवलेली अंडी चैत्रात रवणाला ठेवायची आणि बोल कोंबडीला लावायचा! एकवीस-बावीस अंशांच्या वर गेलं की अंड्यात थोडी थोडी वाढ सुरू होते, धड पुरी होत नाही आणि गर्भ मरतो. म्हणून आठवड्याच्या आतली, गार जागी ठेवलेली अंडीच घ्यावीत. दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. अंडी दहा-बारा, म्हणजे पोटाखाली झाकली जातील तेवढीच. प्रत्येकावर कोळशाची खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या हळूच येऊन त्याच पाटीत अंडी घालून जातात आणि मग कोणतं कधीचं ते कळत नाही. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. (रवणात लोखंडी खिळा ठेवावा, विजेनं अंडी बिघडत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात. मीही ठेवतो. आईचं मन राखायला.)

मशीनला माझा विरोध नाही. शेकड्यानं पिल्लं काढणाऱ्याला तेच हवं. पण त्यात साडेसदतीस अंश टिकवायचे, ओलावा सांभाळायचा, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची आणि रात्री वीज गेली की उठून बसायचं. कोंबडी हे सगळं स्वतः करते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि परत येऊन बसते.

आई पिल्लं मारते? पहिलटकरणीच्या पायाखाली एखादं जातं. एखादी टोचतेही, तिला पुन्हा बसवू नये. बाकीची नेतात घार, मुंगूस आणि बोका, नाहीतर पावसात भिजून गारठतात. पहिले दोन-तीन आठवडे मायलेकरं डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवली तर हे बरंच टळतं. निघाल्या निघाल्या पिल्लू खात नाही म्हणून घाबरू नका, पोटातल्या बलकावर ते दोन दिवस काढतं. मात्र नंतर नुसत्या कणीवर भागत नाही. चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, वाळवी मिळाली तर उत्तमच. पाणी उथळ ताटलीत, मध्ये खडे टाकून. आईला बसवण्याआधीच उवा-पिसवा बघून घ्या, नाहीतर त्या पिल्लांवर उतरतात.

एक काम मात्र कोंबडीला जमत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा थेंब डोळ्यात घालायचा असतो. तो आपणच घालायचा, गुरांच्या डॉक्टरांना विचारून.

आमची बोडकी आत्ता अकरा अंड्यांवर बसलीय. उद्या सातवी रात्र, बॅटरीचे सेल तेवढे आणायचेत.