तेरा फेऱ्या आणि दोन चिठ्ठ्या

२४ एप्रिल २०२२ची संध्याकाळ. ग्रनोबलमधली एक प्राथमिक शाळा, भिंतींवर पोरांची चित्रं, आणि मी कोपऱ्यात उभी राहून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची मतमोजणी बघत होते. मला तिथे मत नाही, पण मोजणी सगळ्यांसमोर होते. शेजारच्या मादाम म्हणाल्या, "चल, बघ तरी." इथे यंत्र नाही. एका टेबलाला चार माणसं. एक पाकीट उघडतो, दुसरा चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचतो, उरलेले दोघे कागदावर रेघा मारतात.

त्या दिवसापासून एक मत डोक्यात घोळतंय. आज लिहून टाकते. बऱ्याच जणांना पटणार नाही.

शाळेत आपण फ्रेंच राज्यक्रांती शिकतो, पाच मार्कांची टीप लिहितो, आणि मनात असं बसतं की राजाचं डोकं उडवलं आणि लगेच लोक आपला प्रमुख निवडायला लागले. राजाला मारलं १७९३मध्ये. लोकांनी थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला तो १८४८च्या डिसेंबरात, तेही फक्त पुरुषांनी. आणि निवडला कोण? बोनापार्ट! नेपोलियनचा पुतण्या. चोपन्न लाखांवर मतं, म्हणजे चारातली जवळजवळ तीन. ज्या कवी लामार्तीनने "लोकांनाच निवडू द्या" म्हणून संसदेत भाषण गाजवलं होतं, तो स्वतः उभा होता. त्याला मिळाली वीस हजारांच्या घरात.

घटनेप्रमाणे बोनापार्टला चार वर्षांनी घरी जायचं होतं, लगेच पुन्हा उभं राहता येणार नव्हतं. तो काही घरी गेला नाही. २ डिसेंबर १८५१ला त्याने संसद बरखास्त करून सत्ता बळकावली आणि बरोबर एक वर्षाने सम्राट झाला. दोन्ही वेळा जनतेचा कौलही घेतला, आणि कौल होकारार्थी आला.

या चटक्याने फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांचे हात असे पोळले की लोकांना दुसऱ्यांदा ही संधी मिळायला ११७ वर्षं गेली. १८७५पासून राष्ट्राध्यक्ष निवडायचे ते खासदार आणि सिनेटर, व्हर्सायला एकत्र जमून. ही पद्धत आणणारी दुरुस्तीसुद्धा ३५३ विरुद्ध ३५२ अशी एका मताने तरली.

या काळातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे झ्यूल ग्रेव्ही. १८४८मध्ये हा घसा फोडून सांगत होता की राष्ट्राध्यक्ष हे पदच नको, संसदेने नेमलेला आणि संसदेने काढता येईल असा एक प्रमुख पुरे. कुणी ऐकलं नाही. तीस वर्षांनी, १८७९मध्ये, त्यालाच राष्ट्राध्यक्ष केलं. मग त्याने काय करावं? पद ठेवलं, पण त्यातली हवा काढली. संसदेच्या इच्छेविरुद्ध जाणार नाही, असं जाहीर करून टाकलं. पुढे जावयाने सरकारी सन्मानपदकं विकायचा धंदा मांडला आणि सासऱ्याला राजीनामा द्यावा लागला, ही गोष्ट वेगळी. जावई कुठलाही असो.

यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांची फ्रेंच लोक टिंगलच करतात. फिती कापणारे म्हणतात. पहिलं महायुद्ध जिंकून देणाऱ्या क्लेमान्सोला १९२०मध्ये संसदेने डावललं आणि देशानेलला निवडलं. तो काही महिन्यांत रात्री पायजम्यात धावत्या रेल्वेतून खाली पडला. आणि १९५३! व्हर्सायला एक राष्ट्राध्यक्ष निवडायला सात दिवस आणि तेरा फेऱ्या लागल्या. अखेर निवडून आले रने कोती, ज्यांचं नाव सुरुवातीच्या फेऱ्यांत स्पर्धेतच नव्हतं. युरोपच्या संयुक्त सैन्यावरून सगळे भांडत होते तेव्हा हे ऑपरेशनमुळे गैरहजर होते, म्हणून त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता, असं सांगतात.

मीही हसायचे याला. आता हसत नाही. कारण मे १९५८मध्ये, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातले सेनाधिकारी बंडावर उतरले, यादवीची वेळ आली, तेव्हा याच कोतींनी संसदेला बजावलं: दुसऱ्या महायुद्धातले नेते जनरल द गॉल यांना सरकार सांभाळायला बोलवा, नाहीतर मी राजीनामा देतो. आपल्या मुदतीची दोन वर्षं शिल्लक असताना त्यांनी खुर्ची मोकळी केली. तेराव्या फेरीत, कुणालाच नकोसा नाही म्हणून निवडलेला माणूस!

द गॉल राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्यांदा निवडून आले तेही सुमारे ऐंशी हजार लोकप्रतिनिधींच्या मतांनी. मग ऑगस्ट १९६२मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. ते वाचले, आणि त्यांनी ठरवलं की यापुढच्या राष्ट्राध्यक्षाला थेट जनतेचं बळ हवं. संसदेला वळसा घालून सार्वमत जाहीर केलं. संसदेने चिडून सरकार पाडलं. लोकांनी ६२ टक्के होकार दिला.

माझं म्हणणं इथे आहे. जुन्या प्रजासत्ताकाला लोकांवर विश्वास नव्हता, ते चूक. पण एकाच माणसावर विश्वास नव्हता, ते बरोबर होतं. १९६२मध्ये दोन्ही शंका एकाच टोपलीत टाकून फेकून दिल्या.

मादाम १९६५मध्ये एकवीस वर्षांच्या होत्या. राष्ट्राध्यक्षासाठी बायकांनी मत दिलं ती पहिली वेळ. त्यांनी डाव्यांच्या मितराँना दिलं, ते हरले, तरी तो दिवस त्या आजही रंगवून सांगतात. २००२चा विषय काढला की मात्र आवाज बसतो. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात. सोळा उमेदवार, डाव्यांची मतं चिंधड्या, त्यांचे मुख्य उमेदवार जोस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी तिसरे, आणि दुसऱ्या फेरीत उजवे शिराक विरुद्ध अतिउजवे ल पेन. काही जण नाकाला चिमटा लावून मतदानाला निघाले होते. शिराकना ८२ टक्के मिळाले, ज्यांना पहिल्या फेरीत वीसही नव्हते. या ८२ टक्क्यांवर माणूस राज्य करतो, पण ती मतं त्याची असतात का?

२०२२मध्ये मॅक्राँ जिंकल्यावर स्वतःच म्हणाले की अनेकांनी मला माझ्या विचारांसाठी नाही, अतिउजव्यांना अडवण्यासाठी मत दिलंय. पुढच्याच मार्चमध्ये त्यांच्या सरकारने निवृत्तीचं वय वाढवणारा कायदा खालच्या सभागृहात अंतिम मतदान न घेताच मंजूर करून टाकला. कोतींना असं काही सुचलंही नसतं, आणि जमलंही नसतं.

तर ती संध्याकाळ. दुसऱ्या फेरीत मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळतात, दोन नावांच्या. पडद्याआड जाऊन एक पाकिटात घालायची. नाव, रेघ, नाव, रेघ, असं चाललं होतं. मग एक पाकीट उघडलं आणि त्यातून काहीच निघालं नाही. वाचणारा म्हणाला, "ब्लाँ." कोरं. वेगळ्या रकान्यात रेघ पडली. थोड्या वेळाने आणखी एक.

मी मादामकडे पाहिलं. त्या खिडकीवर चिकटवलेलं कागदी फुलपाखरू बघत होत्या.