'घरासारखा देश चालवा' म्हणणाऱ्यांसाठी

तो मेसेज परत फिरतोय. "घर चालवतो तसा देश चालवा, कमाई तेवढाच खर्च. कर्जमुक्त देशच श्रीमंत. मंदी आली की आधी खर्च कापा." ऐकायला एकदम पटतं, मलाही आधी पटलं होतं.

पहिलं, घरासारखं. अहो, वीस वर्षांचं होमलोन फेडणारी माणसंच हे फॉरवर्ड करतायत! आणि खरी गोम वेगळीच आहे. आपण घरी काटकसर केली म्हणून आपला पगार कमी होत नाही, पण सरकारने हात आखडला की कुणाचं कंत्राट जातं, कुणाची नोकरी जाते, ती माणसं खरेदी कमी करतात आणि मग सरकारचाच टॅक्स घटतो. ग्रीसमध्ये २०१० नंतर हेच झालं, खर्च कापत गेले आणि अर्थव्यवस्था जवळपास पाव हिस्सा आक्रसली, त्यामुळे जीडीपीच्या (म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण कमाईच्या) तुलनेत कर्ज उलट वाढलंच. (ग्रीस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, तुटीचे, म्हणजे कमाईपेक्षा जास्त झालेल्या सरकारी खर्चाचे, आकडे आधी लपवलेच होते.)

दुसरं, कर्जमुक्त म्हणजे श्रीमंत. २०२० साली अफगाणिस्तानवर जीडीपीच्या १० टक्केसुद्धा कर्ज नव्हतं, जपानवर २०० टक्क्यांच्या वर आहे. कुठे राहायला आवडेल? रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने तर परदेशी कर्ज फेडायचा चंगच बांधला होता, अन्नधान्य बाहेर विकलं, देशात रेशन लावलं, हिवाळ्यात लोकांची घरं गारठलेली. एप्रिल १९८९ मध्ये कर्ज फिटल्याचं जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये राजवटच गेली.

कर्ज केवढं यापेक्षा ते कुठल्या चलनात आहे आणि कमाई किती वेगाने वाढतेय हे बघा. जपानचं कर्ज येनमध्ये, म्हणजे स्वतःच्याच चलनात; श्रीलंकेला परदेशी कर्ज डॉलरमध्ये फेडायचं होतं, ती २०२२ मध्ये डॉलर संपल्यावर अडकली. साधा हिशोब सांगतो. जीडीपी १००, कर्ज ६०. यंदा तूट ३, म्हणजे कर्ज ६३. जीडीपी महागाई धरून ५ टक्के वाढला तर १०५. आता ६३ भागिले १०५ करा, परत ६० टक्केच येतं! युरोपातल्या देशांच्या मास्ट्रिख्ट करारात तुटीला जीडीपीच्या ३ टक्के आणि कर्जाला ६० टक्के अशी मर्यादा आहे, ते आकडे या गणितात असे चपखल बसतात.

मग काढा की कितीही कर्ज, असं कुणी म्हणेलच. तसंही नाही. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ४५ अब्ज पौंडांची करकपात आणली, पैसे कुठून येणार याचा पत्ता नाही, सरकारी रोख्यांवरचं (म्हणजे सरकारच्या कर्जावरचं) व्याज असं भडकलं की तिथल्या रिझर्व्ह बँकेला, बँक ऑफ इंग्लंडला, मध्ये पडावं लागलं आणि बाईंनी पदावर दीड महिना होतो न होतो तोच राजीनामा जाहीर केला.

राहिला मंदीत खर्च कापायचा मुद्दा. मंदीत टॅक्स आपोआप घटतो, बेकारांवरचा खर्च आपोआप वाढतो, तूट येणारच. कापायची वेळ चांगल्या दिवसांत. अमेरिकेने १९९८ ते २००१ बजेटमध्ये शिल्लक दाखवली, पण तेव्हा बहुतेक काळ तेजी होती, टॅक्स भरभरून येत होता. ऐन मंदीत शिल्लक टाकणारे देश अगदी मोजकेच.