‘नको’ म्हणायलाही कुकी लागते

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ऑनलाइन कमोड खुर्ची शोधली, घेतली, ती घरी आली, वापरूनही झाली, आणि तरी माझ्यामागे कमोड लागलेत ते लागलेतच. क्रिकेटचा स्कोअर बघायला जावं तर शेजारी कमोड, वरणफळांची रेसिपी उघडावी तर फोडणीच्या खाली कमोड. परवा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली तर बजेटच्या बाजूला चाकंवाला मॉडेल, ३० टक्के सूट. सर काही बोलले नाहीत, फक्त तब्येत बरी आहे ना विचारलं.

बरं, घरात एक असताना दुसरा कोण घेतं? पण त्या जाहिरातवाल्याला मी बघितलं एवढंच कळलेलं असतं, घेतलं हे बऱ्याचदा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

हा सगळा उद्योग कुकीचा, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून जाते त्या छोट्याशा चिठ्ठीचा. मुळात कुकी गरीबच हो. वेबसाइटला मागचं काही आठवत नाही, दर क्लिकला आपण तिला नवीनच, म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंतुलीने हा सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरसारखा प्रकार काढला, ठेवायचा आपल्याकडे आणि दर वेळी दाखवायचा. घोळ पुढेच आहे, म्हणजे रेसिपीचं पान एकाचं, त्यावरची जाहिरात तिसऱ्याच्याच सर्व्हरवरून येणार, तोही आपली कुकी ठेवून जाणार आणि जिथे जिथे त्याची जाहिरात तिथे तिथे ती वाचणार. नाव माहीत नसतं म्हणे त्याला, नुसता नंबर असतो. नावाचं काय लोणचं घालायचंय, कमोड बरोबर मलाच दिसतोय ना!

आता सगळे परवानगी विचारतात, युरोपच्या कायद्याची कृपा. ‘सगळं मान्य’ हे ढब्बं हिरवं बटण, आणि नाकारायचं असेल तर फिक्या राखाडी अक्षरातलं ‘सेटिंग्ज’, त्याच्या आत अजून एक यादी, तिथे ‘आमचे भागीदार’ म्हणून शेकड्याने कंपन्या, एवढी माणसं आमच्या लग्नालाही नव्हती. फ्रान्सने याच चालूगिरीसाठी २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरो दंड ठोकला, होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला मात्र हेलपाटे, म्हणून.

शेवटी वैतागून सगळ्या कुकी उडवल्या. सगळीकडून लॉगआउट झाले, ओटीपीचा पाऊस पडला, आणि दर साइटवर पुन्हा तेच हिरवं बटण, कारण मी आधी ‘नको’ म्हटलेलं होतं ते त्यांनी कुकीतच लिहून ठेवलेलं! मग बसले परत एकेकाला ‘नको’ म्हणत, आणि प्रत्येक ‘नको’ची एक नवीन कुकी.