कोमट हवा म्हणजे बिघाड नव्हे: हीट पंपाविषयीच्या एका संदेशाला उत्तर

रात्रीचा पारा गोठणबिंदूखाली उतरू लागला की नॉर्थ कॅरोलायनातल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ४० अंश फॅरनहाइटच्या खाली हीट पंप (एसीसारखेच, पण हिवाळ्यात घर तापवणारे विजेचे यंत्र) काम करूच शकत नाही, व्हेंटमधून (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीतून) कोमट हवा येत असेल तर यंत्रातला उष्णता वाहून नेणारा गॅस कमी झालेला आहे, तो भरून घ्यावा, बाहेरच्या युनिटवर बर्फ दिसला किंवा त्यातून वाफ निघाली तर यंत्र ताबडतोब बंद करावे, आणि थंडी ओसरेपर्यंत थर्मोस्टॅट ‘इमर्जन्सी हीट’वर ठेवावा, म्हणजे पंपही वाचतो आणि वीजही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. परंतु यंत्राचे नेहमीचे वागणे आणि यंत्राचा बिघाड यांची त्याने पुरती गल्लत केली आहे, आणि त्या गल्लतीची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते.

पहिला मुद्दा ४० अंशांचा. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. अमेरिकेत २०१० ते २०२४ या काळात बसवलेल्या बहुतेक यंत्रांत जो आर-४१०ए हा गॅस असतो, तो वातावरणीय दाबाला उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो. त्यामुळे बाहेर २० अंश फॅरनहाइट असले तरी बाहेरच्या कॉइलमधला (नळ्यांच्या वेटोळ्यातला) गॅस त्या हवेहूनही थंड ठेवता येतो आणि उष्णता हवेकडून गॅसकडे वाहत राहते. खरे आहे ते एवढेच, की थंडी वाढते तशी यंत्राची क्षमता घटते आणि नेमकी त्याच वेळी घराची गरज वाढते. ४७ अंशांना (इथून पुढचे सगळे अंश फॅरनहाइटचेच) तासाला ३६,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) देणारे साधे एकाच वेगाचे यंत्र १७ अंशांना साधारण २०-२२ हजारांवर येते. जिथे क्षमतेची आणि गरजेची रेषा एकमेकींना छेदतात, त्या तापमानाखाली उरलेली तूट भरून काढण्यासाठीच आतल्या युनिटमध्ये विजेच्या हीटर पट्ट्या बसवलेल्या असतात. हे तापमान प्रत्येक घराचे वेगळे असते, म्हणून ‘४० अंश’ हा सरसकट आकडा निरर्थक ठरतो. थंड हवामानासाठी बनवलेली इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणारी) यंत्रे तर ५ अंशांनाही चांगली चालतात. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक हीट पंप ज्या देशांत आहेत, त्यांत नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड पुढे आहेत, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा मुद्दा कोमट हवेचा, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने पहिल्याच संध्याकाळी व्हेंटखाली हात धरला आणि म्हणाली, “अरे, हा तर गार वारा येतोय!” तिचे म्हणणे चूक नव्हते. इंधनाच्या गॅसवर चालणाऱ्या फर्नेसमधून (भट्टीतून) येणारी हवा १२० ते १४० अंशांची असते, हीट पंपाची सहसा ९० ते १०० अंशांची. आपल्या त्वचेचे तापमान नव्वदीच्या थोडे वर असते, त्यामुळे ९२ अंशांची वाहती हवा अंगाला गारच लागते, खोली मात्र त्याच हवेने तापत राहते. म्हणून हाताने नव्हे, थर्मामीटरने तपासावे. यंत्र पंधराएक मिनिटे सलग चालू द्यावे, हीटर पट्ट्या बंद असल्याची खात्री करावी, रिटर्नच्या (खोलीतली हवा परत ओढून घेणाऱ्या) जाळीपाशी आणि आतल्या युनिटच्या सर्वांत जवळच्या व्हेंटपाशी तापमान मोजावे. बाहेर ४५-५० अंश असताना हा फरक वीस अंशांच्या आसपास किंवा अधिक असायला हवा. कडाक्याच्या थंडीत तो पंधराच्याही खाली आला तर नवल नाही. परंतु सौम्य हवेत आठ-दहा अंशच मिळत असतील तर दोष नक्की आहे.

तो शोधताना आधी फिल्टर बघावा. उन्हाळ्यात तुंबलेल्या फिल्टरने आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. हिवाळ्यात तीच कॉइल उष्णता बाहेर टाकत असते, त्यामुळे हवा कमी पडली की गॅसचा दाब चढतो, सुरक्षेचा स्विच यंत्र बंद पाडतो, थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करून बचत होते असे मानणारे लोक नकळत हाच त्रास ओढवून घेतात. फिल्टर स्वच्छ असेल तर माळ्यावरचा किंवा जमिनीखालचा एखादा डक्ट (हवा वाहून नेणारी नळी) सांध्यातून निसटला आहे का, ते बघावे.

आता गॅस भरण्याविषयी. भारतात एसीवाला आला की ‘गॅस भरून’ जातो, आणि ती सवय आपण इथेही सोबत आणली आहे. हे परिपथ बंदिस्त असते. गॅस त्यात पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. अमेरिकेत हे काम ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते. शिवाय थंडीत नुसत्या दाबावरून गॅसचे प्रमाण ठरवणे बेभरवशाचे असते. जुना गॅस काढून युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका मोजून भरणे हा खात्रीचा मार्ग. आमच्याकडे आलेल्या एका तंत्रज्ञाने दाब कमी दिसतो म्हणून दोन पौंड गॅस सुचवला होता. त्या आठवड्यात बाहेर ३६-३७ अंश आणि सतत रिमझिम होती. दुसऱ्याने झाकण उघडून दाखवले, की डीफ्रॉस्टचा (बर्फ वितळवण्याची वेळ ओळखणारा) सेन्सर कॉइलच्या नळीवरून निसटून हवेत लोंबत होता. हवा गोठणबिंदूच्या वर, कॉइल मात्र त्याच्या खाली. सेन्सरला कॉइल गोठल्याचे कधी कळलेच नाही, बर्फ साचत गेला आणि दाब पडला. गॅस पुरेसाच होता.

यावरून तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. बाहेरच्या कॉइलवर पांढरे पातळ दव गोठणे ही हिवाळ्यातली रोजची गोष्ट आहे. ते वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे उलटे, म्हणजे एसीसारखे चालते. बाहेरचा पंखा थांबतो, गॅसची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो, आणि तापलेल्या कॉइलवरून वाफेचे ढग उठतात. रात्री अंगणात ते पाहून आग लागल्याचा भास होतो खरा, परंतु त्या क्षणी यंत्र बंद केले तर बर्फ अर्धवट राहतो. काळजी करावी ती वेगळ्या दृश्याची: दोन-तीन तासांनंतरही न हटणारा, पंख्याच्या जाळीपर्यंत चढलेला घट्ट बर्फ. त्यामागे सेन्सर, डीफ्रॉस्टचा बोर्ड, बंद पडलेला पंखा, अडकलेला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह किंवा खरोखरीच कमी गॅस, यांपैकी काहीही असू शकते. कधीकधी तर छपराच्या पन्हळीतून युनिटवर ठिबकणारे पाणी एवढेच कारण असते. बर्फ स्क्रूड्रायव्हरने फोडू नये, कॉइलला भोक पडते.

अशा वेळी, तंत्रज्ञ येईपर्यंत, ‘इमर्जन्सी हीट’ लावणे योग्य आहे. तिचा उपयोग तेवढाच. ती लावली की कॉम्प्रेसर बंद होतो आणि सगळे घर हीटर पट्ट्यांवर चालते. १० किलोवॉटच्या पट्ट्या तासाला १० युनिट वीज घेतात. तेवढीच उष्णता अडीचपट कार्यक्षमतेने चालणारा हीट पंप ४ युनिटांत देतो. वीज वाचण्याचा प्रश्नच येत नाही. रात्री ६२ वर उतरवून सकाळी एकदम ७० करणाऱ्यांच्या घरीही साध्या थर्मोस्टॅटने पट्ट्याच सुरू होतात.

या पट्ट्यांमुळे आणखी एक गोष्ट घडते, जिचा संदेशात उल्लेखही नाही. कॉम्प्रेसर बंद पडला तरी पट्ट्या घर उबदार ठेवतात, आणि बिघाड कळतो तो महिन्याच्या बिलातून. तेव्हा बाहेर ४५ अंश असताना आणि तापमान वाढवलेले नसताना थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स हीट’ (पट्ट्या चालू असल्याची खूण) तासन्तास दिसत असेल, तर बाहेर जाऊन युनिट चालू आहे का ते पाहावे, आणि तंत्रज्ञाला फोन करताना बाहेरचे तापमान, दोन्ही ठिकाणची मोजमापे आणि बर्फाचा फोटो हाताशी ठेवावा.