किलपेकची ती बाई लज्जागौरी नव्हे

‘इंग्लंडमधील किलपेकचे चर्च मुळात देवीचे मंदिर होते, त्याच्या भिंतीवर आजही लज्जागौरी आहे, तिचे शीला-ना-गिग हे नाव संस्कृत शिला या शब्दापासून आले आणि इंग्रजांनी हे सारे दडपले’, हा संदेश आत्याने मला तिसऱ्यांदा पाठवला आणि खाली विचारले, ‘तू तर तिथे जाऊन आलास, तुला कसे दिसले नाही?’ दिसले होते, आणि निवांतपणे पाहिलेही होते.

वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशायरमधील हे लहानसे चर्च ११४० च्या सुमारास रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीत, तांबूस वालुकाश्मात बांधले गेले. छपराखालच्या कोरीव दगडी टेकूंपैकी ८५ आज शिल्लक आहेत. त्यांत एकमेकांना बिलगलेले कुत्रा आणि ससा आहेत, वादक आहे आणि त्याच रांगेत ही बाई, म्हणजे दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी शीला-ना-गिगही आहे. मूळ देवतेला कोणत्या मंदिरात कुत्र्या-सशाच्या पंगतीत, वळचणीखाली बसवतात, हे आत्यानेच सांगावे.

दोघींच्या मांड्या फाकलेल्या आहेत, एवढे साम्य मान्य करतो. परंतु तेर, भोकरदन येथे सापडलेली आपली लज्जागौरी ही प्रसूतीच्या मुद्रेतील, सुफलतेची देवी असून तिच्या अनेक मूर्तींत शिराच्या जागी कमळ असते. किलपेकच्या बाईचे मात्र निम्मे अंग म्हणजे टक्कल पडलेले, डोळे वटारलेले डोकेच आहे. तिचे खरे नातलग फ्रान्स आणि स्पेनमध्ये आहेत. वीअर आणि जर्मन या अभ्यासकांनी १९८६ मध्ये अशा शिल्पांचा माग तेथील रोमनेस्क चर्चेसपर्यंत नेला. उत्तर स्पेनमधील सेर्वातोसच्या चर्चवर तर अशा स्त्रियांबरोबर पुरुषही तितक्याच निर्लज्जपणे कोरलेले आहेत. हा वासनेविरुद्धचा इशारा होता, हे त्यांचे मत सर्वांना पटलेले नाही. पण त्या वादात भारतीय कारागीर कोठेच येत नाहीत.

नावाचा मुद्दा तर दोन ओळींचाही नाही. शीला हे आयर्लंडमधील बायकांचे जुने नाव आहे आणि अशा शिल्पांसाठी ते वापरल्याच्या नोंदी तिथेच, १८४० च्या सुमारास, म्हणजे किलपेकच्या बांधणीनंतर सातशे वर्षांनी मिळतात. चर्चच्या दारावर कोरलेल्या सापांना भारतीय नाग ठरवणाऱ्यांनी साप फक्त भारतातच असतात काय, तेवढे पाहावे.

दडपल्याच्या आरोपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. लुईस नावाच्या चित्रकाराने १८४२ मध्ये या चर्चच्या शिल्पांची चित्रे छापली, तेव्हा या बाईला त्याने छातीला चीर असलेला एक मूर्ख माणूस ठरवले. मात्र त्याची अडचण साधी होती: ती काय दाखवते आहे, हे त्याला लिहवेना.