एका सुईत कोपर कायमचं बरं होत नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर वर्षभर एक मेसेज फिरतोय : ‘टेनिस एल्बो, टाचदुखी, काहीही असो, स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घ्या, दुखणं मुळापासून जातं. व्यायाम नको. परत दुखलं तर परत घ्या. शुगरवाल्यांनाही चालतं.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यावर भरवसा ठेवलेली माणसं पुढे माझ्याकडे येतात, म्हणून लिहिते आहे.

‘मुळापासून जातं’ हे कोपराबाबत साफ चूक आहे. स्टेरॉइड सूज उतरवतं; पण जुन्या टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, सूज फारशी नसते. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन, झिजून विस्कटलेलं असतं. स्टेरॉइडनं दुखणं दबतं, दोरी तशीच राहते. 2013 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 165 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानं स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 83 टक्के बरे किंवा बरेच सुधारलेले होते, नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी 96 टक्के. दुखणं एकदा थांबून परत उलटलं ते स्टेरॉइडवाल्यांपैकी 54 टक्क्यांचं, सलाइनवाल्यांत 12.

रामबागेतल्या एका काकूंनी होळीच्या आठवडाभर आधी सुई घेतली. हात इतका हलका झाला की त्यांनी एकटीनं चाळीस पुरणपोळ्या लाटल्या. पाडवा होऊन महिना झाला नाही तोच सांडशीत धरलेलं चहाचं पातेलं हातातून सुटलं. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नव्हे, एवढं त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

व्यायाम नको कसा? हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा जमिनीकडे, मुठीत पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. मनगट वाकवत ती अगदी सावकाश खाली न्यायची आणि वर आणताना दुसऱ्या हातानं आधार द्यायचा. कंटाळवाणं आहे, महिने लागतात; पण टेंडनला ताकद अशीच येते.

‘परत घ्या’ हे सगळ्यात धोक्याचं. पुन्हा पुन्हा टोचल्यानं टेंडन कमकुवत होतं. टाचेच्या मागच्या जाड टेंडनला तर या सुईनं तुटण्याचीच भीती असते, आणि तळव्याखाली टोचली तर टाचेची चरबीची गादी विरळ होऊ शकते.

शुगरवाल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. डॉक्टरांना आधी सांगा, घरी तपासत राहा.

पण म्हणून स्टेरॉइडचं नाव काढताच घाबरू नका. बोट वाकून अडकतं आणि कट्‌कन सुटतं, ते ट्रिगर फिंगर. किंवा बाळाला सारखं उचलून आईच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात कळ येते, तो डी क्वेर्वेन. तिथे टेंडन ज्या नळीतून सरकतं ती अरुंद झालेली असते. त्या आवरणात नेमकी दिलेली सुई अनेकदा एकदाच पुरते आणि ऑपरेशन टळतं. मेसेजमध्ये या दोघांचं नावच नाही, आणि अशा रुग्णांना तर मी स्वतःच इंजेक्शनसाठी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवते.